चार्जरवरचा आकडा आणि एसीचे टन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा आला की कार्यालयांतला एसी किती अंशांवर ठेवावा, याची चर्चा सुरू होते. तो मुळात किती टनांचा बसवला आणि तो आकडा आला कुठून, हे मात्र कोणी विचारत नाही. मी बरीच वर्षे इमारतींचे हीट लोड, म्हणजे एसीला बाहेर काढावी लागणारी उष्णता, काढतो, म्हणून हे पत्र.

खोलीतली यंत्रे जी वीज ओढतात, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. ३.५ किलोवॉट उष्णतेला साधारण एक टन एसी लागतो. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. चूक होते ती यंत्राची वीज मोजताना.

पुण्यातल्या एका कार्यालयाचे हिशेब माझ्याकडे तपासायला आले होते. दोनशे माणसे, प्रत्येकाला लॅपटॉप. चार्जरवर १.५ अँपिअर छापलेले, त्याला २३० व्होल्टने गुणून माणशी ३४५ वॉट धरलेले. एकूण ६९ किलोवॉट, म्हणजे नुसत्या लॅपटॉपसाठी जवळजवळ वीस टन! त्याच चार्जरवर खाली बारीक अक्षरांत ‘आउटपुट ६५ वॉट’ असे होते. मी प्लगला वॉटमीटर लावून एका कर्मचारी ताईंच्या टेबलाशी अर्धा तास बसलो. त्यांचे एक्सेलचे काम चालू होते आणि आकडा १८ ते २५ वॉटमध्येच फिरत होता. बॅटरी उतरलेली असताना तो साठच्या पुढे गेला, भरत आली तसा खाली आला. माणशी २५ वॉट धरले तर दोनशे जणांचे पाच किलोवॉट होतात. दीड टनात भागते.

नेमप्लेटवर, म्हणजे यंत्रावरच्या माहितीच्या पट्टीवर, त्याची कमाल मर्यादा असते, रोजचा खप नव्हे. त्यावर वास्तुविशारद, सल्लागार, ठेकेदार असा प्रत्येक जण आपापले सेफ्टी मार्जिन चढवतो. मग गरजेपेक्षा मोठा कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून बंद होतो, हवा गार होते पण तिच्यातला दमटपणा निघत नाही. जुलैत स्वेटर घालून बसलेली आणि तरीही चिकचिक होते म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. वर जादा काँट्रॅक्ट डिमांडचा (वीज कंपनीशी ठरवलेल्या कमाल वीज मागणीचा) आकार दरमहा भरावा लागतो, तो वेगळाच.

रात्रीच्या बाबतीत चूक उलटी होते. इमारतीच्या वीजवापराचे संगणकावर जे मॉडेल करतात, त्यात संध्याकाळी सातनंतर सगळे बंद दाखवतात. प्रत्यक्षात यूपीएस, नेटवर्क स्विच, वॉटर कूलर रात्रभर चालूच असतात. सर्व्हर रूमला तर दिवसरात्र सारखीच, तिथे ‘दिवसाचे इतकेच टक्के वापर’ असे धरून लोड कमी करणे धोक्याचे.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१७ मध्ये इमारतींसाठी सुधारित ऊर्जा संहिता आणली. तिच्यासाठी मॉडेल करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ग्राहकाच्या सध्याच्या कार्यालयात एका मजल्याच्या प्लग सर्किटवर आठवडाभर मीटर लावा, शनिवार-रविवार धरून. मंजुरी देणाऱ्यांनीही फाइलमध्ये ते आकडे मागावेत.

आपला,
एक वातानुकूलन अभियंता, पुणे