विदर्भातल्या लोकांना एकदा विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्वतंत्र विदर्भाचा विषय निघाला की पुण्यात बहुतेक ठिकाणी एकच उत्तर ऐकू येते, ‘महाराष्ट्राचे तुकडे होऊ देणार नाही.’ मीही अखंड महाराष्ट्राच्याच बाजूचा आहे. १९५६ साली संयुक्त महाराष्ट्र समिती याच शहरात स्थापन झाली, याचा मला अभिमान आहे. तरीही विदर्भात सरकारने रीतसर सार्वमत घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

याचे कारण बेळगाव. सीमाप्रश्नात महाराष्ट्राची भूमिका वर्षानुवर्षे ठरलेली आहे : खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. हाच आग्रह धरून आपण २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलो. निपाणी-खानापूरच्या माणसाची इच्छा आपण प्रमाण मानतो, मग अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या माणसाची का नको? राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजलअली आयोगाने तर १९५५ मध्येच वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती बाजूला ठेवून विदर्भ महाराष्ट्रात आला. विदर्भाला न्याय्य वाटा देण्याच्या नागपूर करारातल्या शब्दांचे पुढे काय झाले, हे तिकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. मागे पडलेल्या विभागांच्या विकासासाठी नेमलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, तेव्हा पुण्यात कुणी हळहळल्याचे मला तरी आठवत नाही.

मत कुणी द्यायचे, हा खरा कळीचा मुद्दा. विधानसभेच्या २८८ जागांपैकी विदर्भाच्या ६२. सगळ्या राज्याने मतदान करायचे म्हटले तर निकाल आधीच लागल्यासारखा आहे. इथे गोव्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. १६ जानेवारी १९६७ रोजी तिथे जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरणाला ‘फूल’ आणि वेगळे राहण्याला ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. मत दिले ते फक्त गोवा, दमण आणि दीवच्या मतदारांनी. पुण्या-मुंबईला त्यात मत नव्हते. विलीनीकरणाची बाजू ३४,०२१ मतांनी हरली. महाराष्ट्राला ते झोंबले, पण त्याने निकाल मानला. तो मोठेपणा विदर्भाच्या बाबतीतही दाखवायला हवा.

घटनेच्या कलम ३ प्रमाणे नवे राज्य करण्याचा अधिकार संसदेचा आहे. विधानसभेचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळूनही २ जून २०१४ रोजी तेलंगण झाले. या साऱ्यात सामान्य मतदाराला कुठेच विचारले जात नाही. गोव्यासाठी संसदेने खास कायदा केला होता. विदर्भासाठीही करता येईल.

मात्र मतदान घाईने नको. कर्जाची वाटणी, सिंचनाचा अनुशेष, कोराडी आणि चंद्रपूरची वीज, नोकरभरती या सगळ्याचा हिशेब सरकारने आधी लोकांपुढे ठेवावा. मोजणीही जिल्हावार व्हावी, कारण नागपूरला जे हवे तेच बुलढाण्याला हवे असेल असे नाही. स्वित्झर्लंडमध्ये जुरा प्रांत १९७९ मध्ये वेगळा झाला, त्याआधी दक्षिणेकडच्या जिल्ह्यांनी स्वतंत्र मतदान करून जुन्या बर्न प्रांतातच राहणे पसंत केले होते.

अखंड महाराष्ट्र हवा असणाऱ्या आम्ही मंडळींनी या मतदानाला भिऊ नये. यवतमाळ-वर्ध्याच्या गावांत जावे, तिथल्या लोकांचे ऐकून घ्यावे आणि आमच्यासोबत राहा, अशी त्यांना विनंती करावी. अशी वेळ आली तर जाणाऱ्यांत मी असेन.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे