शाळेत रक्त पुसणाऱ्यांना लस आणि हातमोजे द्या

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, सांगली

महोदय,

मार्च सुरू झाला की आमच्या जत भागात रोज एखाद्या पोराचा घोळणा फुटतो. कबड्डीत गुडघे फुटतात, तळपायात काच घुसते. प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. त्यामुळे जखम बाई किंवा गुरुजी धुतात आणि फरशीवरचं रक्त पोषण आहाराच्या मावशी पुसतात. उघड्या हातांनी. विळीवर कापलेल्या त्याच बोटांनी.

हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे मुख्य आजार. यातला ‘बी’ सर्वांत चिवट. त्याचा विषाणू वाळलेल्या डागातही किमान ७ दिवस टिकतो. दूषित सुई टोचली, तर लस न घेतलेल्याला ‘बी’ची लागण होण्याचा धोका ३० टक्क्यांपर्यंत असतो, एचआयव्हीचा साधारण ०.३ टक्का. शाळेत सुया नसतात हे खरं, पण मैदानावर रात्री काय काय टाकलं जातं ते सकाळी आम्हीच उचलतो.

‘बी’वर लस आहे. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. देशभरातल्या बाळांना ती २०११ पासून सरकारी लसीकरणातून मिळते. म्हणजे वर्गातली पोरं बहुतेक सुरक्षित. आम्ही चाळिशी-पन्नाशीचे आणि मावशी मात्र तशाच. आरोग्य विभाग आपल्याच अखत्यारीत आहे. दोन विभागांतला मजला तेवढा ओलांडायचा आहे.

बाकीच्या मागण्यांना खर्च फारसा नाही. प्रथमोपचार पेटीत हातमोजे हवेत. सध्या तिथे वाळलेली आयोडीनची बाटली आणि तपासणीच्या दिवशीच बाहेर निघणारा कापूस असतो. कोरोनात फवारलेलं हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक, शाळेला द्या. रक्त आधी कागदाने टिपायचं, मग एक भाग हायपोत नऊ भाग पाणी घालून ते दहा मिनिटं फरशीवर ठेवायचं. एवढं केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी एकदा करून दाखवावं. मावशींनाही तिथे बोलवा, त्या कधीच बोलावल्या जात नाहीत. मुलींच्या पॅडचा कचराही त्याच उचलतात.

एक धास्तीही आहे. हे पत्र वाचून कुणी मुलांच्या रक्ततपासणीचा फतवा काढू नये. अमक्याच्या घरी ‘तो’ आजार आहे, ही कुजबुज गावात पोराचं शिक्षण संपवते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने अशा भेदभावाला बंदी घातलीच आहे. काळजी घ्यायची ती प्रत्येकाच्या रक्ताबाबत, सारखीच.

आणि कुणाला खरंच काही टोचलं, तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ती जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आणि रात्री कुणाला फोन केल्यावर मिळतील, हे प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलामागे लिहिलेलं असावं. जून उजाडण्याआधी हा कागद आम्हाला पाठवा.

आपला,
जत तालुक्यातील एक शिक्षक