ह्युगोचं मत कसं द्यायचं

मुलुंड, मुंबई

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

आई, तुझी शंका रास्त आहे. वर्ल्डकॉन या विज्ञानकथांच्या जागतिक संमेलनाचं साधारण 50 डॉलरचं सभासदत्व घेणाऱ्या कुणालाही मत मिळत असेल, तर तिथे दिला जाणारा विज्ञानकथांचा ह्युगो पुरस्कार विकत का घेता येऊ नये? 2015 साली तसा प्रयत्न झालाच. ठरवून एकसारखी यादी भरणाऱ्यांनी काही विभागांतली सगळी नामांकनं बळकावली. मतपत्रिकेवर 'पुरस्कार नाही' हाही पर्याय असतो. वाचकांनी पाच विभागांत तोच निवडून आणला.

त्यानंतर नियम बदलले. 2017 पासून नामांकनात, म्हणजे अंतिम यादी ठरवताना, प्रत्येक विभागासाठी एका मतदाराला एकच गुण मिळतो. नावं पाचपर्यंत सुचवता येतात, पण पाच लिहिली की प्रत्येकाच्या वाट्याला 1/5 गुण. मोजणीच्या प्रत्येक फेरीत सर्वांत कमी गुणांची दोन नावं समोरासमोर येतात आणि त्यांतलं कमी लोकांनी सुचवलेलं बाद होतं. त्याचा वाटा त्याच मतदाराच्या उरलेल्या नावांकडे जातो. सहा उरेपर्यंत हे चालतं. एकच यादी भरणाऱ्यांचे गुण त्यांच्याच पाच नावांत विभागलेले राहतात, त्यामुळे ती आपसांतच एकमेकांना पाडतात. गटाचं एखाददुसरं नाव आत येतं, पण सगळी यादी घुसवणं फार अवघड.

बाबा, दिवाळी अंकातली विज्ञानकथा सुचवता येते. भाषेची अट नाही. आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेली हवी, आणि त्यासाठी अंकावर छापलेली तारीख धरतात. 7,500 शब्दांच्या आत लघुकथा, 17,500 पर्यंत दीर्घकथा, 40,000 पर्यंत लघुकादंबरी, त्यापुढे कादंबरी. शीर्षक, लेखक, अंकाचं नाव नीट लिहा. मोजणाऱ्यांना ती कथा शोधता आली पाहिजे.

पण मराठी वाचणारे मतदार किती असणार? इंग्रजी अनुवाद पहिल्यांदा निघतो, त्या वर्षासाठी कथा पुन्हा पात्र ठरते. 2015 मध्ये लिऊ त्सिशिन यांच्या चिनी कादंबरीला ह्युगो मिळाला तो अनुवाद आल्यावरच. म्हणून मला वाटतं, आपल्या चांगल्या कथांचे अनुवाद करवून घेणं हेच आधीचं काम. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली, ती परीक्षकांनी नाव न पाहता निवडावी म्हणून. ह्युगोत परीक्षक वाचकच, आणि पोचलंच नाही ते कोण निवडणार?

अंतिम फेरीत पसंतीक्रम द्यायचा: 1, 2, 3. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाचं नाव बाद होतं आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. फक्त 1 लिहून थांबलात आणि ती कथा पडली, तर तुमचं मत तिथेच संपतं. म्हणून वाचलेल्या सगळ्यांना क्रम द्या. जी पुरस्काराच्या लायक वाटत नाही, तिच्या वर 'पुरस्कार नाही' ठेवा.

मतदारांना बहुतेक साहित्य फाइलींच्या रूपात मिळतं, मात्र काही कादंबऱ्यांचा तुकडाच देतात. लघुकथांपासून सुरुवात करा, त्या पुऱ्या वाचून होतात. मुदत बहुधा पॅसिफिक वेळेची, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वेळेची असते. उन्हाळ्यात मुंबई तिच्या 12 तास 30 मिनिटं पुढे. तरी शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. अक्षरं मोठी करून वाचायची सोय टॅबवर आहे, आईला दाखवता येईल.

तुमची,
लेक