दोन वेताळ आणि टोकन क्रमांक ४६

महोदय,

सोमवारच्या अंकात तिसऱ्या पानावर कॉमिक्स मेळाव्याची बातमी वाचली. छायाचित्र सुरेख आहे. त्याखालची ओळ मात्र अशी : ‘विक्रम-वेताळ मालिकेचा दुर्मीळ अंक न्याहाळताना ज्येष्ठ संग्राहक’. ते ज्येष्ठ संग्राहक मी नव्हे (माझे काय झाले ते पुढे येईलच), पण त्यांच्या हातातला अंक मी चष्मा न लावताही ओळखला. तो इंद्रजाल कॉमिक्स या जुन्या चित्रकथा-मालिकेचा आहे. मुखपृष्ठावर अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, कमरेला दोन पिस्तुले. राजा विक्रमाच्या खांद्यावर लोंबकळणाऱ्या प्रेताला पिस्तुलाचा परवाना कधी मिळाला, हे आपल्या वार्ताहरांनी कळवल्यास आम्ही जुने वाचक आभारी राहू.

वेताळ दोन आहेत. एक ‘चांदोबा’तला, चित्रकार शंकर यांनी घराघरांत पोचवलेला : उपसलेली तलवार, स्मशान आणि राजाच्या पाठीवरून खाली आलेले पांढरे केस. दुसरा म्हणजे ली फॉक यांचा फॅन्टम. तो १९३६ साली अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत चित्रपट्टी म्हणून जन्मला आणि १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजालमधून आपल्याकडे आला. मराठीत त्याचे बारसे ‘वेताळ’ असे झाले. पहिला कोडे घालतो, दुसरा ठोसा घालतो आणि समोरच्याच्या हनुवटीवर कवटीची खूण उमटवतो. वाचकांनी देशाच्या नावात बंगाल शोधू नये म्हणूनच बहुधा इंद्रजालवाल्यांनी त्याचा मूळ मुलूख ‘बंगाला’ बदलून ‘डेंकाली’ केला होता. एवढी काळजी घेणाऱ्यांना साठ वर्षांनी वेताळावरूनच घोटाळा होईल, हे सुचले नसावे. असो.

खरा राग बातमीतल्या शेवटच्या वाक्याचा आहे. ‘तरुणाईने गर्दी केली असली तरी जुन्या संग्राहकांचा प्रतिसाद थंड होता.’ साहेब, आम्ही थंड नव्हतो. आम्ही फाटकाबाहेर उन्हात उभे होतो.

शनिवारी साडेदहाला मी तिकीट काढून दाराशी गेलो. खांद्याला शबनम. तिच्यात सात दुबार अंक, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकमध्ये, मागे पुठ्ठा घातलेला, आणि माझी ‘हवे आहेत’ची वही. दारावरच्या मुलाने पिशवी उघडायला लावली. सुरक्षेचे काम आहे म्हणून मी उघडली.

“काका, हे आत नाही नेता येणार.”

“काय?”

“बाहेरची कॉमिक्स अलाउड नाहीत.”

चित्रपटगृहात घरचा डबा अडवतात हे माहीत होते. पण कॉमिक्सच्या मेळाव्यात कॉमिक्स अडवणे म्हणजे पंढरपूरच्या वेशीवर वारकऱ्याचे टाळ काढून घेण्यासारखे झाले. कारण असे सांगण्यात आले, की आत स्टॉलवाल्यांनी भाडे भरले आहे. मी म्हटले, मला विकायचे नाही, बदलायचे आहे. “सेमच आहे काका.” हे सेम नाही, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलेले नव्हते. मराठी इंद्रजालचे जुने अंक पैसे टाकून मिळत नाहीत. रद्दीत गेले, भावंडांनी फाडले, सर्क्युलेटिंग लायब्ऱ्यांनी आठ-आठ अंक एकत्र शिवून कडा कापून टाकल्या. उरले ते ज्याच्याकडे आहेत तो दुसरा अंक दिल्याशिवाय हातचा सोडत नाही. आमचा सगळा व्यवहार अदलाबदलीवर चालतो आणि दारात नेमकी तीच बंद!

पिशवी जमा केली. टोकन मिळाले, क्रमांक ४६. माझी शबनम मांडणीच्या खालच्या फळीवर गेली आणि तिच्यावर हेल्मेट आणि पाण्याच्या बाटल्या आल्या. ‘यात कागद आहे, बाटल्या दुसरीकडे ठेवा’ असे मी दोनदा सांगितले. दोनदा ‘हो काका’ ऐकले.

आत काय होते? टी-शर्ट, मग, किचेन, बाहुल्या. नटूनथटून आलेल्या मुलांचा मला राग नाही, हे मुद्दाम लिहितो. एका मुलीने फोमशीटचे चिलखत स्वतः कापून, रंगवून घातले होते आणि मी विचारल्यावर प्रत्येक सांधा कसा जोडला ते हौसेने दाखवले. पण वेशभूषेत येणाऱ्यांना प्रवेश मोफत अशी पाटी होती, आणि माझा एक मित्र ‘बहादूर’ होऊन आला होता. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये इंद्रजालसाठी घडवलेला नायक, भगवा कुर्ता आणि जीन्स. त्याला सांगण्यात आले, “अंकल, कॉस्च्यूम कुठंय?” पूर्ण तिकीट घेतले.

एका स्टॉलवर ‘ओरिजिनल व्हिंटेज’ म्हणून साडेतीन हजारांना वेताळाचा अंक होता. मधोमध घडीची रेघ. बोट फिरवले तर कागद गुळगुळीत, घडी नुसती छापलेली! कुणाच्या तरी अंकाचे स्कॅन काढून छापले, त्यात घडीही आली. लायब्ररीचा जांभळा शिक्कासुद्धा छापील होता. खरा शिक्का त्या कागदावर मागच्या बाजूला थोडातरी फुटतोच. मी हे सांगितले तेव्हा स्टॉलवाला म्हणाला, “आवडत नसेल तर घेऊ नका.” म्हणजे भाडे भरलेली नक्कल आत आणि टोकनवाले अस्सल अंक बाहेर. यावर आपल्या वार्ताहरांनी दोन ओळी लिहायला हव्या होत्या.

दीड वाजता पिशवी परत घेतली. ओली होती. कुणाच्या तरी बाटलीचे बूच सैल होते. सहा अंक प्लास्टिकमुळे वाचले. सातव्याच्या पिशवीचे तोंड दारावरच्या तपासणीत उघडले ते नीट बंद झाले नव्हते. वर्तमानपत्री कागद पाणी कसा पितो, ते आपल्याला मी सांगायला नको. पाणी जिथवर चढते तिथे तपकिरी कड उमटते, ती पुन्हा जात नाही, आणि पिना गंजतात त्या वेगळ्याच. २६ जुलै २००५ ला आम्ही बदलापुरात तळमजल्यावर राहत होतो. उल्हास नदी घरात आली तेव्हा कपाटाचे खालचे दोन कप्पे गेले. नदीशी भांडता येत नाही. बुचाशी तरी भांडता यावे!

आयोजकांच्या टेबलावर तक्रारवही मागितली. क्यूआर कोड दाखवण्यात आला. तो उघडल्यावर ‘तुमचा अनुभव किती छान होता?’ एवढाच प्रश्न आणि पाच चांदण्या. एकही चांदणी न देण्याची सोय नव्हती.

फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर आमच्यासारखे आणखी चौघे भेटले, टोकनवाले. बाकावर वर्तमानपत्र पसरून (आपलेच होते) त्यावर अंक मांडले. तासाभरात चार अदलाबदली झाल्या. माझ्या वहीतल्या एका क्रमांकावर काट मारता आली असती, पण त्या गृहस्थांना बदल्यात हवा होता तो नेमका भिजलेला अंक. ते म्हणाले, “आधी वाळवा, मग बघू.” थंड प्रतिसाद म्हणतात तो हाच असेल तर बातमी खरी आहे.

आता लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. फॅन्टम जन्मला वृत्तपत्रात, इंद्रजाल काढले तेही एका वृत्तपत्रसमूहाने. आपण मात्र रविवारच्या पुरवणीतली चित्रपट्टी गेल्या दिवाळीपासून बंद करून तिथे राशिभविष्य वाढवले. वाढवले ते वाढवले, निदान तपासून तरी छापा. परवा कर्क आणि सिंह या दोन्ही राशींना शब्दशः एकच भविष्य होते : ‘जुन्या वस्तूंपासून लाभ संभवतो.’ माझी रास सिंह. लाभ सध्या पानापानात टीपकागद घालून शब्दकोशाखाली ठेवला आहे.

आपला,
एक वेताळप्रेमी (इंद्रजालचा), ठाणे पश्चिम