दुखणे असले तरी फिल्म घरी धुता येते

संपादक महोदय,

हाताची दुखापत किंवा जुनाट दमा असला म्हणून फिल्म कॅमेरा कपाटात ठेवायची गरज नाही. धुण्याची पद्धत बदलावी. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये नळाचे पाणीच कोमट येते आणि डेव्हलपरला (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाला) हवे 20 अंश. बर्फ त्यात टाकू नका, बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवा. आयडी-11 या डेव्हलपरमध्ये तेवढेच पाणी मिसळले तर एचपी5 प्लस या कृष्णधवल फिल्मला 13 मिनिटे लागतात.

खरी कसोटी अंधाऱ्या पिशवीत लागते, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या पिशवीत हात घालून फिल्म रिळावर चढवताना. घामाने रीळ ओलसर होते, फिल्म अडकते. जोर लावला की ती मुडपते आणि निगेटिव्हवर चंद्रकोरीसारखी खूण उमटते. मनगट भरून आले की फिल्म धुण्याच्या टाकीत ठेवा, उजेड आत जाऊ नये म्हणून मधल्या नळीसकट झाकण लावा, हात बाहेर काढून कोरडे करा, थोडे थांबा. त्यासाठी नळी आणि झाकण आधीच पिशवीत हवे! द्रावण हलवण्यासाठी टाकी उलटवणे जमत नसेल तर दांडीने रीळ फिरवा, दर मिनिटाला 10 सेकंद.

दमेकऱ्यांनी ॲसिटिक ॲसिडचा स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे द्रावण) टाळून साध्या पाण्याने दोन-तीनदा विसळावे. फिक्सरच्या (चित्र पक्के करणाऱ्या द्रावणाच्या) वेळी खिडकी उघडी हवीच.

शहरातील जुन्या स्टुडिओंना कळकळीची विनंती: पडून असलेल्या टाक्या, रिळे भंगारात घालू नका, अशा मंडळींना द्या.

– फिल्म छायाचित्रणप्रेमी, सोलापूर