एका कमजोर चुंबकाबद्दल आभार

काका,

तुम्हाला असलं काही आवडत नाही, ठाऊक आहे मला. दुरुस्त झालेली गाडी तुमच्या गॅरेजमधून न्यायला आले त्या दिवशी मी आभार मानायला तोंड उघडलं, तर "आधी ब्रेक दाबून बघा, मग बोला" म्हणून तुम्ही विषयच संपवलात. बरंच झालं म्हणा. बोलले असते तर रडले असते, आणि तुम्ही घाईघाईने कुठलातरी पाना शोधायला आत गेला असतात. म्हणून आता लिहितेय, चारचौघांत. इथून तुम्हाला पळता यायचं नाही.

गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. 1951 चा, अर्धा टन माल वाहणारा शेवरोले पिकअप. फुगीर नाक, पुढे पाच आडव्या पट्ट्या, मागे हौद्यात लाकडी फळ्या, बॅटरी सहा व्होल्टची. मी घेतला तेव्हा तो कित्येक वर्षं एका शेडमध्ये नुसता उभा होता. का घेतला याचं धड उत्तर माझ्याकडे आजही नाही. नाक आवडलं. काही लोक कुत्र्याचं पिल्लू असंच घरी आणतात.

तुमच्याकडे ओढून आणला तेव्हा तुम्ही दहा पावलांवरूनच म्हणालात, "एक्कावन्न सालचा. दाराला तिकोनी काच आलीय, पण मूठ अजून खाली वळवायचीच आहे. पुढच्या साली बटण आलं." आधीच्या दोन कारागिरांनी एवढ्यासाठी माझ्याकडे कागद मागितले होते.

आता त्या दोघांबद्दल. नावं घेत नाही, त्यांना कळेल.

पहिल्याने माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून दिलं. नवऱ्याला या गाडीत पेट्रोल कुठून भरतात तेही माहीत नाही, पण तो बिचारा मान डोलवत राहिला. या गाड्यांचे केबिनचे मागचे, खालचे कोपरे हमखास सडतात. आत माती साचते, ओल धरते आणि गंज आतून बाहेर पत्रा खात येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. त्याला होतं. सहा आठवड्यांनी गाडी मिळाली ती इतकी चकाचक, की मी तिचे फोटो ओळखीपाळखीच्या सगळ्यांना पाठवले. सात महिन्यांनी डाव्या कोपऱ्यावर फोड आला. बोटाने दाबला तर बोट आत गेलं. खरवडलं तर निघाली बोटभर जाडीची पुट्टी, पुट्टीखाली जाळी आणि जाळीमागे वर्तमानपत्राचे बोळे. एक बोळा मी उलगडून पाहिला. क्रीडा पान होतं. निकालसुद्धा वाचता येत होता.

दुसरा मीटरवाला. याचं काम निदान विनोदी तरी होतं. पेट्रोलच्या टाकीत त्याने दुसऱ्याच कंपनीचा सेंडर, म्हणजे पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग, बसवला. आमच्या मीटरला टाकी रिकामी असताना 0 ओहम विद्युतरोध लागतो आणि भरलेली असताना 30. याने आणलेला नेमका उलटा चालणारा: भरलेल्या टाकीला 10, रिकामीला 73. म्हणजे टाकी काठोकाठ भरली की काटा एक तृतीयांशावर, आणि पेट्रोल संपत आलं की काटा 'फुल'च्याही पलीकडे. गाडी भर रस्त्यात कोरडी पडली तेव्हा मीटरच्या मते टाकी ओसंडून वाहत होती. तेलाच्या दाबाचं मीटर 30 पर्यंतचं, त्याच्या डायलवर याने 60 पर्यंतचं स्टिकर चिकटवलं. मी महिनोन्‌महिने दाब दुप्पट वाचत होते आणि इंजिनाचं कौतुक करत होते. तापमानाच्या मीटरची बारीक तांब्याची नळी 'मध्ये येत होती' म्हणून त्याने पक्कडीने तोडली. वर विचारतो कसा, मैलांचा आकडा शून्यावर आणून देऊ का, गाडी नवी वाटेल!

पैसे गेले ते गेले. पण तुमच्याकडे आले तोवर मी एक चिडकी, संशयी बाई झाले होते. तुम्ही काही सांगितलंत की मनात म्हणायचे, हं, बोला. न कळवता येऊन उभी राहायचे. वाकून वाकून फोटो काढायचे. तुम्हाला ते कळत होतं, कळणारच. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. फक्त एकदा, मी गाडीखाली मोबाइलच्या उजेडात काहीतरी शोधत होते, तेव्हा हातदिव्याची वायर पायाने माझ्या बाजूला सरकवलीत.

काम कसं केलंत ते सगळं लिहीत बसत नाही, मला पुरतं कळलेलंही नाही. सडका पत्रा कापला, नवा घडवून जोडला, एवढं खरं. पण तुमचा डावा हात मी कधी विसरणार नाही. सुती फडकं तळव्याखाली धरून तुम्ही तो पत्र्यावरून फिरवायचात, डोळे भलतीकडेच. मग मधेच थांबून, "इथे." मला तिथे काहीही दिसायचं नाही. आतून डॉली, म्हणजे आधाराचा लोखंडी ठोकळा, धरून दोन-तीन हलके ठोके, पुन्हा हात. डॉलीवर हातोडी नेमकी बसली की कडक 'टण्' येतो आणि चुकली की नुसतं भसकं. शेवटी शेवटी मला आवाजावरून फरक कळायला लागला होता, याचा मला बारीकसा अभिमान आहे.

आणि ते शिसं. कोपऱ्याच्या सांध्यावर तुम्ही पुट्टीऐवजी 70 भाग शिसं आणि 30 भाग कथील असलेली कांडी वापरलीत. 183 अंशांना ती मऊ पडायला लागते, 255 च्या आसपास पाणी होते, आणि या दोहोंच्या मधे लोण्यासारखी असते तेवढ्यातच मेण लावलेल्या लाकडी थापीने पसरायची. उरलेलं कानशीने उतरवलंत, ग्राइंडर लावला नाहीत, कारण शिशाची धूळ छातीत जाते. तुमच्याकडे शिकणाऱ्या मुलाला त्या दिवशी आत पाऊलही टाकू दिलं नाहीत.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

प्रायमर मारून झाल्यावर तुमचा फोन आला. "रंग चढायच्या आधी एकदा येऊन जा." मी आले. अख्खी गाडी करडी, एकसारखी. मागच्या वेळीही ती अशीच एकसारखी दिसली होती, म्हणून माझ्या पोटात गोळा. तुम्ही खिशातून एक चपटा चुंबक काढून माझ्या हातावर ठेवलात. जुना, एका बाजूचा टवका उडालेला. त्याला फ्लॅनेलचा तुकडा शिवलेला होता, निळ्या दोऱ्याने, जाड जाड टाके घालून. प्रायमरवर ओरखडा उठू नये म्हणून. ते टाके तुम्ही स्वतः घातले असणार, कारण इतके वाकडे टाके कोणी दुसऱ्याला घालून देत नाही.

"हा कमजोर आहे," तुम्ही म्हणालात. "ताकदीचा चुंबक पुट्टीच्या थरातूनही पत्रा पकडतो, त्याचं काही खरं नाही. हा पकडणार नाही. सगळीकडे फिरवा. कोपऱ्यांच्या सांध्यावर घसरेल, तिथे शिसं आहे, शिशाला चुंबक धरत नाही. उजव्या मडगार्डावर दिव्यामागे सैल लागेल, तिथे नखाच्या जाडीची पुट्टी आहे, मला तिथे आतून हात घालता आला नाही. बाकी कुठे सैल लागला तर गोल करून ठेवा." असं म्हणून खडूचा तुकडा दिलात. "मी जरा पाय मोकळे करून येतो."

आणि गेलात. जाताना त्या मुलालाही हाक मारून बरोबर नेलंत.

काका, मी या 'पाय मोकळे करून येतो'चा फार विचार केलाय. चुंबक कोणीही दिला असता. एखाद्याने तर जाहिरातीसारखा दिला असता, समोर उभं राहून, हाताची घडी घालून, 'बघा ना, खुशाल बघा' म्हणत. तसं झालं असतं तर मी दोन ठिकाणी लावून, हसून परत दिला असता. समोर माणूस उभा असताना त्याच्यावर संशय घेणं फार अवघड असतं. पहिल्याने माझ्या त्याच भिडेवर धंदा केला होता. तुम्ही मला संशय घ्यायला हत्यार दिलंत, आणि ते चालवताना मला लाज वाटू नये म्हणून स्वतःच्याच गॅरेजमधून बाहेर निघून गेलात.

मी पाऊण तास फिरवला. गुडघ्यांवर बसून, पायऱ्यांखाली, दारांच्या खालच्या कडांना, छताला. आधी रागाने फिरवत होते, खरं सांगते. जणू काही सापडावंच. तो प्रत्येक ठिकाणी 'टक' करून बसत गेला. सांध्यावर घसरला. दिव्यामागे सैल लागला, नखाएवढाच. मागच्या फाळक्याच्या गोलसर कडेवर एका जागी मला सैल वाटला, तिथे मी गोल केला आणि लगेच वाटलं पुसून टाकावा. नाही पुसला.

तुम्ही परत आलात, गोल पाहिलात आणि काही न बोलता पॉलिश पेपर घेतलात. तुमच्याच हाताने मारलेला प्रायमर तेवढ्या जागेवरून घासून काढलात, खालचा पत्रा लखलखेपर्यंत. पुट्टीचा कणही नव्हता. मी वरमले. "गोलाईवर चपटा चुंबक पुरता टेकत नाही, म्हणून सैल लागतो," एवढंच म्हणालात. "बरं केलंत गोल केलात." त्या जागेवर पुन्हा प्रायमर मारण्यात तुमचा दिवस गेला असेल. त्याचा उल्लेख ना बिलात, ना बोलण्यात.

त्यानंतर मी न कळवता यायची बंद झाले, लक्षात आलं असेल तुमच्या.

मीटरचं काम तुम्ही केलंत तेव्हा मी बघायला आले ती हौस म्हणून. तोडलेल्या नळीला दुसऱ्या मीटरचा बल्ब, म्हणजे इंजिनाची उष्णता घेणारं टोक, जोडताना तुम्ही तो बर्फ-मिठात बुडवून ठेवला होतात. आत इथर असतं, ते 35 अंशांच्या जवळपासच उकळतं, गार ठेवलं नाही तर नळी कापताक्षणी उडून जातं. डाग देताना तुम्ही श्वास रोखलात, मुलाने रोखला, मीही रोखला. मग बल्ब गरम पाण्यात धरलात आणि काटा हळूच उठला. त्या काट्याला पाहून मी टाळी वाजवली, ती तुम्ही ऐकली नाहीत असं दाखवलंत.

स्पीडोमीटर उघडलात तेव्हा आत पुन्हा एक चुंबक निघाला. मला गंमत वाटली. तो फिरतो, त्याला वेढून ॲल्युमिनियमची छोटीशी वाटी, दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, पण फिरता चुंबक त्याला आपल्या मागे ओढतो. केसासारखी स्प्रिंग उलटी खेचते. या ओढाताणीत काटा जिथे ठरतो तो वेग. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने 1902 साली पेटंट घेतलेली युक्ती, आणि तिच्यात अजून खोट काढण्यासारखं फारसं काही नाही. तुम्ही जुनं, घट्ट झालेलं ग्रीस पुसलंत, ड्रिलने मिनिटाला 1000 फेरे दिलेत, आणि काटा 60 वर जाऊन उभा राहिला. थरथर नाही. मैलांच्या आकड्याला हात लावला नाहीत, विचारलंतही नाही. स्टिकर वाफेवर सोडवून काढलंत आणि खालचे मूळ अंक जरा फिके निघाले, तर म्हणालात, "वाचता येतायत ना? मग राहू देत."

सीटचं विचारलं तेव्हा "ते मला येत नाही" म्हणालात. इतकं सरळ. दोन वर्षांत हे वाक्य मी कोणाकडून ऐकलं नव्हतं. आधीच्या दोघांना सगळंच येत होतं.

हल्ली मी माणसं याच गोष्टीवर जोखते. तराजूचा काटा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवणारा. एक्स-रे उजेडासमोर धरून 'हे बघा, इथे' म्हणणारी डॉक्टर. चूक दाखवली की वहीत तिथेच, तुमच्यादेखत खाडाखोड करणारा कारकून. अशी माणसं आहेत, बरीच आहेत, फक्त ती आवाज करत नाहीत म्हणून आधी दुसरेच भेटतात. मला क्रीडा पानवाला आधी भेटला.

असो. गाडी छान चालते. पेट्रोल संपत आलं की काटा खाली येतो, याचं मला अजून नवल वाटतं. पावसात दोनदा भिजली, कोपरे कोरडे आहेत. मी दर वेळी बोट लावून बघते, ती सवय काही गेलेली नाही.

आणि एक कबुली. त्या दिवशी चुंबक मी तुम्हाला परत दिलाच नाही. चुकून खिशात राहिला असं म्हणणार होते, पण तुम्हाला ते पटणार नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलाय, मीटरपासून लांब. फ्लॅनेलचा एक टाका उसवला होता, तो मी घातला, लाल दोऱ्याने. माझाही वाकडाच आला.

परत हवा असेल तर सांगा. शक्यतो सांगू नका.

तुमची,
फाळक्यावर गोल करणारी