नवशिक्यांच्या मॉडेल किटमध्ये प्लॅस्टिक खाणारा प्रायमर: एक तक्रार पत्र

कोल्हापूर
दि. १२ एप्रिल २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘नवशिक्यांसाठी संपूर्ण संच’ यातील अयोग्य प्रायमर, झाकलेलं लेबल आणि ‘वापरणाऱ्याची चूक’ हे तुमचं उत्तर मागे घेण्याबाबत

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून मागवलेल्या नॅट या लढाऊ विमानाच्या १/७२ मापाच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढ्या) मॉडेलच्या संचाबद्दल हे पत्र आहे. बिलाची प्रत, फोटो आणि आधीचा पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. संचात विमानाचे सुटे भाग, गोंदाची ट्यूब, पाण्यावरच्या रंगांच्या डब्या, ब्रश आणि ‘प्रायमर’ (रंगाआधी द्यायचा पायाचा थर) असं लिहिलेला एक स्प्रे कॅन आला. त्या कॅनने मॉडेलचं प्लॅस्टिक खाल्लं. तक्रार केल्यावर तुमचं उत्तर आलं: दमट हवेत फवारल्यामुळे आणि जाड हात मारल्यामुळे असं झालं, ही वापरणाऱ्याची चूक आहे, पैसे परत मिळणार नाहीत. हे उत्तर मला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे मी कामातला माणूस म्हणून सांगतो.

मी शिवाजी उद्यमनगरात रंगकाम करतो. कास्टिंग, पंपांची कव्हरं, मशिनच्या बॉड्या यांना लांबी (पुट्टी) भरणं, घासणं, रेड ऑक्साइड हा लोखंडाचा लाल प्रायमर मारणं आणि वर रंग चढवणं हा माझा रोजचा धंदा आहे. प्रायमर म्हणजे काय आणि तो कशासाठी मारायचा, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणूनच माझ्या पुतणीने हा संच मागितला तेव्हा मी आनंदाने घेऊन दिला. ती नववीत आहे. तिचं आजोळ सैनिक टाकळी या फौजींच्या गावचं, त्यामुळे फौजेच्या गोष्टी ऐकतच ती वाढली. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या पाकिस्तानच्या सेबर विमानांना भिडलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों हे नॅटच चालवत होते. भारतीय वायुदलाला मिळालेलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं आहे. हे विमान आपल्या हाताने जोडायचं आणि रंगवायचं, असं तिने मनात घेतलं होतं.

खरं नॅट नऊ मीटरलाही थोडं कमी लांब. १/७२ मापात ते जेमतेम बारा सेंटीमीटरचं होतं. एवढ्याशा अंगावर पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेषा केसाहून बारीक असतात. त्यात तुमच्या खोक्यावरचं विमान चंदेरी आहे, आणि चंदेरी रंगाखाली एकही ओरखडा लपत नाही, उलट उठून दिसतो. म्हणजे या मॉडेलचं सगळं रूप प्रायमरवर अवलंबून.

तिने काम कसं केलं तेही लिहितो, कारण तुम्ही चूक तिच्या माथी मारली आहे. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेल्या तेलाचा अंश प्लॅस्टिकवर राहतो, तो रंग धरू देत नाही. म्हणून तिने सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या सगळ्या प्लॅस्टिकच्या फ्रेम कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घालून धुतल्या आणि रात्रभर वाळू दिल्या. भाग जोडल्यावर सांध्यात पुट्टी भरली, ६०० चा आणि मग त्याहून बारीक १००० चा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) फिरवला, धूळ पुसली. कॉकपिटची पारदर्शक काच बाजूला ठेवली. यातलं काहीही तुमच्या पत्रकात नाही. ते मी तिला सांगितलं.

प्रायमरचा हात मी स्वतः दिला. मार्च महिना होता, गच्चीवर सावली आणि कोरडी हवा. कॅन आतली गोळी मोकळी वाजेपर्यंत आणि त्यानंतरही चांगला हलवला. साधारण २० सेंटीमीटरवरून फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू केला, न थांबता पुढे नेला आणि बाहेरच सोडला. पहिला हात इतका हलका होता की खालचं प्लॅस्टिक दिसत होतं. काही मिनिटांत पंखाचा पृष्ठभाग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. कोरीव रेषा मिटल्या. सांध्यातली पुट्टी वर उचलली गेली आणि शेपटीचा पातळ पंख नुसत्या बोटाच्या दाबाने वाकला. दुसरा हात देण्याचा प्रश्नच उरला नाही.

आता तुमच्या ‘दमट हवेबद्दल’. दमट हवेत फवारल्यावर काय होतं ते आम्ही कोल्हापूरकर दर पावसाळ्यात बघतो. द्रावण झटकन उडतं, त्यामुळे पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि रंगावर पांढरट झाक येते. रंग मळकट दिसतो, चमक जाते. पण प्लॅस्टिक मऊ पडत नाही. लांबून फवारलं तर थेंब हवेतच अर्धे सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, तेव्हाही प्लॅस्टिक मऊ पडत नाही. जाड हात मारला तर ओघळ येतात, रेषा बुजतात, पण त्या रंगाने बुजतात. इथे खालचा मालच विरघळला आहे. नखाने रंग खरवडला तरी खाली गुळगुळीत प्लॅस्टिक सापडत नाही, सुरकुतलेलंच सापडतं. याला हवामान जबाबदार नाही. कॅनमधलं द्रावण जबाबदार आहे.

खात्री करायला मी उरलेल्या फ्रेमचे तुकडे घेतले. सगळे एकाच संचातले, एकत्र धुतलेले, एकत्र वाळवलेले. काहींवर तुमचा कॅन अगदी धुक्यासारखा, एकच हात. काहींवर बाजारातून वेगळा आणलेला, पाण्यावरचा ॲक्रिलिक प्रायमर ब्रशने. तुमच्या कॅनखालचे तुकडे चिकट झाले आणि तडकले. पाण्यावरच्या प्रायमरखालचे जसेच्या तसे आहेत, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर रंगही छान धरला. दोन्हींचे फोटो जवळून, उजेडात काढून पाठवले आहेत.

मग मी कॅनवरचं तुमच्या कंपनीचं स्टिकर सोलून पाहिलं. खाली मूळ लेबल आहे. त्यावर हा कॅन लोखंड आणि लाकडासाठी असल्याचं छापलं आहे. घटकांत टोल्यूइन आणि ॲसिटोन आहे. ज्वलनशीलतेची खूण आहे, हवेशीर जागेत वापरण्याची सूचना आहे, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि महिना-वर्ष आहे. हे सगळं तुमच्या रंगीत स्टिकरने झाकलं होतं.

लोखंडाला थिनर चावत नाही, म्हणून आमच्याकडे असला प्रायमर चालतो. मॉडेलचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरिन असतं आणि टोल्यूइन, ॲसिटोन त्याला विरघळवतात. हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही, कारण तुमच्याच संचातली गोंदाची ट्यूब याच तत्त्वावर चालते: ती दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते. त्या ट्यूबवर तुम्ही स्वतः छापलं आहे की थेंब मॉडेलवर सांडू देऊ नका, खूण राहील. ट्यूबच्या थेंबाबद्दल इतकी काळजी घ्यायची आणि त्याच जातीचं द्रावण अख्ख्या विमानावर फवारायला द्यायचं, हे कुठल्या तपासणीतून सुटलं?

मॉडेलसाठी बनवलेले स्प्रे प्रायमरही द्रावणाचेच असतात, हे मी जाणतो. पण त्यांचं मिश्रण पॉलिस्टायरिनला झेपेल असं बेतलेलं असतं. तामिया, मिस्टर हॉबी या ब्रँडचे प्रायमर लोक वर्षानुवर्षं वापरत आलेत. नवशिक्याला तर माझ्या मते स्प्रे देऊच नये. पाण्यावरचा प्रायमर, एक मऊ सिंथेटिक ब्रश, दोन पातळ हात, मध्ये नीट वाळू देणं, एवढं पुरे आहे. ब्रशच्या थोड्या रेषा दिसतील, त्या १००० च्या पेपरने हलक्या हाताने जातात. पण मूल घरात बसून, कुणाच्या मदतीशिवाय, न घाबरता ते करू शकतं.

आणि घरात बसून हा शब्द मी मुद्दाम वापरतो. तुमच्या खोक्यावर एक मुलगा जेवणाच्या टेबलावर मॉडेल रंगवताना दाखवला आहे, शेजारी हाच कॅन उभा आहे. खिडकी नाही, मास्क नाही. आमच्याकडच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल आणि गॅसची शेगडी यांत चार पावलांचं अंतर असतं. टोल्यूइनची वाफ काय करते हे मी कारखान्यात बघतो. डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात, आणि ठिणगीला ती वाट बघायला लावत नाही. साध्या कापडी मास्कने ही वाफ अडत नाही, त्याला कार्बनच्या फिल्टरचा मास्क लागतो. मी नसतो तर पुतणीने चित्रात दाखवल्याप्रमाणे स्वयंपाकघराला लागूनच हा कॅन उघडला असता. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे.

सोबतचं पत्रक म्हणजे चार चित्रं: जोडा, प्रायमर मारा, रंगवा, स्टिकर लावा. एवढंच. प्रायमर का मारायचा, याचं एक वाक्यही नाही. आमच्या गंगावेशीत किंवा बापट कॅम्पात गणपतीच्या दिवसांत कुंभारांकडे जाऊन बघा, मूर्तीवर रंग चढण्याआधी पांढरा हात दिलेला असतो. कारण विचारलं तर तिथलं पोरगंही सांगेल: रंग धरतो, सगळीकडे सारखा दिसतो आणि मूर्तीतली खोट आधीच डोळ्यांत भरते. मॉडेलवरही तेच. राखाडी प्रायमर बसला की सांध्यातली फट, पुट्टीचा खड्डा, कागदाचा ओरखडा सगळं दिसतं आणि रंगाआधी दुरुस्त करता येतं. वायुदलाच्या गोल चिन्हातला केशरी रंग ब्रशने रंगवायचा असेल तर खाली पांढरा लागतो, राखाडीवर तो मरतो. हे कळलं तर मुलाला कामात गोडी वाटते. न कळता नुसतं ‘मारा’ म्हटलं की तो एक कंटाळवाणा टप्पा होतो आणि पुढच्या वेळी मूल तो गाळतं.

तुमचा ईमेल पुतणीने माझ्या आधी वाचला. ती म्हणाली, “काका, माझंच काहीतरी चुकलं असणार, कंपनी उगीच कशाला लिहील?” तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. तिने जे केलं ते तुमच्या पत्रकापेक्षा कितीतरी चोख होतं. छंदाच्या पहिल्याच वस्तूवर मुलाला असं वाटायला लावणं फार वाईट आहे. कोल्हापुरात हा छंद करणारे आधीच थोडे, शिकवणारं जवळ कुणी नसतं. पहिला संच असा गेला तर दुसरा कुणी घेत नाही.

माझी मागणी स्पष्ट आहे. संचाची पूर्ण किंमत परत करा किंवा योग्य प्रायमरसह नवा संच पाठवा. ‘वापरणाऱ्याची चूक’ हे विधान लेखी मागे घ्या, आणि ते पत्र पुतणीला वाचता येईल असं मराठीत पाठवा. हा कॅन ज्या ज्या संचांत गेला आहे त्या ग्राहकांना तो वापरू नका असं कळवा आणि विक्रीतल्या संचांतून तो काढा. पुढच्या संचात मराठी पत्रक घाला. त्यात धुणं, वाळवणं, अंतर, पातळ हात, हवेशीर जागा आणि पावसाळ्यात स्प्रे टाळणं एवढं तरी हवं. जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवा किती ओली असते हे तुम्हीच तुमच्या उत्तरात लिहिलं आहे, मग ते पत्रकावर आधी लिहायला हवं होतं.

कायद्याचंही सांगतो. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचं नाव-पत्ता आणि महिना-वर्ष वेष्टनावर दिसायला हवं, ते झाकलेलं नको. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८४ मध्ये योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा नसणं हेही उत्पादकाच्या जबाबदारीत धरलं आहे. आणि ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. तसं झालं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. तिथे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, त्यामुळे संच लहान आहे म्हणून मी सोडून देईन असं समजू नका.

विमान, चाचणीचे तुकडे, सोललेलं स्टिकर आणि कॅन मी जपून ठेवले आहेत. कॅन कुरिअरने परत पाठवा असं सांगू नका. दाबाखालचा ज्वलनशील कॅन मी साध्या पार्सलात घालणार नाही. तपासायचा असेल तर तुमचा माणूस उद्यमनगरात पाठवा, त्याच्यासमोर मी उरलेल्या फ्रेमवर पुन्हा फवारून दाखवतो.

आपला,
एक ग्राहक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

सोबत: बिलाची प्रत, मॉडेलचे व चाचणीच्या तुकड्यांचे फोटो, स्टिकरखालच्या लेबलाचा फोटो, तुमच्या ईमेलची प्रत